चॉप सॉ ४५ ला अडतो, मग पाइपला ७० अंशाचा काप कसा मारायचा

प्रश्न असा आहे की झोक्यासाठी ए आकाराची फ्रेम करायचीय, ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप आहे, दोन पायांमध्ये वरच्या टोकाला ४० अंशांचा कोन हवाय आणि दोन्ही पाय वर एकमेकांना भिडवून वेल्ड करायचेत. घरी १४ इंची चॉप सॉ (वरून चकती उतरवून लोखंड कापायचं मशीन) आहे पण त्याचा व्हाइस ४५ च्या पुढे वळत नाही, ५ इंची ग्राइंडर आहे, हॅकसॉ आहे, बेंच व्हाइस आहे. दोन तुकडे वाया गेले, जोडायला घेतले की वरच्या बाजूला टेकतात आणि खाली बोटभर फट राहते. मी पंचवीसेक वर्षं फॅब्रिकेशनची कामं करतोय आणि हा काप हाताने, मशीनवर, सगळ्या प्रकारे केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोनाचा घोळ मिटवू, कारण निम्मे तुकडे इथेच वाया जातात. चॉप सॉवर जो आकडा असतो तो सरळ कापापासून मोजलेला असतो, म्हणजे शून्य म्हणजे पाइपला काटकोनात काप. पण आपण कागदावर कोन काढतो तो दोन पाइपांमधला. तुमच्या फ्रेममध्ये प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून २० अंश कललेला आहे, दोघं मधल्या उभ्या रेषेवर भेटणार, म्हणजे कापाची पातळी पाइपच्या लांबीशी फक्त २० अंश करते आणि सॉच्या भाषेत तो ७० अंशांचा काप झाला. त्याच पायाचं खालचं टोक जमिनीवर सपाट बसायला हवं, तिथे मात्र सॉवर २० लावायचं. एकाच पायाला वर ७० आणि खाली २०, आणि दोन्ही वेळा कागदावर आकडा २० च दिसतो, त्यामुळे माणूस गोंधळतो. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे दोन पाइप मायटर करून, म्हणजे दोघांना सारखाच तिरपा काप देऊन, भिडवायचे असतील तर मधल्या कोनाचा अर्धा घ्यायचा आणि ९० मधून वजा करायचा. एक पाइप अख्खा ठेवून दुसरा त्याच्या सपाट बाजूवर टेकवायचा असेल तर अख्खा कोन ९० मधून वजा करायचा.

या दुसऱ्या हिशोबामुळेच मी कुठल्याही तीव्र कापाआधी पहिला प्रश्न हा विचारतो की हा काप खरंच हवाय का. तुमचा कोन ४० चा आहे, मायटरला ७० लागतो, पण एक पाय सरळ वरपर्यंत नेला आणि दुसरा त्याच्या बाजूला टेकवला तर एकाच पाइपला ५० चा काप पुरतो. आणि वर आडवी जाड प्लेट टाकून दोन्ही पाय तिच्या खालून लावले तर वरचा काप पण २० चाच होतो, जो तुमचा सॉ कसलीही खटपट न करता मारतो. २० च्या कापाने ४० चा पाइप प्लेटवर ४२.६ मिमी जागा घेतो, म्हणजे १०० मिमी रुंद प्लेटवर दोन्ही पाय आणि वेल्डला जागा आरामात बसते. झोक्याच्या फ्रेमला वर आडवा पाइप बसवायचाच असतो, तर ही प्लेट तशीही कामाला येते. पण दिसायला मायटर छान दिसतो हे खरंय आणि काही ठिकाणी दुसरा इलाज पण नसतो, तर पुढे जाऊ.

आता मुख्य गोष्ट. ४५ पर्यंत कोन मशीन कापतं, आपण फक्त आकडा लावतो. ६० च्या पुढे गेलं की आकड्यावर विसंबायचं नाही, कोनाचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करायचं, पाइपवर चारही बाजूंनी रेघ मारायची आणि रेघेला कापायचं. का ते आकड्यांतच बघा. ४० च्या पाइपला लांब बाजू आणि आखूड बाजू यातला फरक म्हणजे ४० गुणिले त्या कोनाचा टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan). ४५ ला तो ४० मिमी येतो, ६० ला ६९, ७० ला ११० आणि ७५ ला १४९. आता एक अंश चूक झाली असं धरा. ४५ च्या जागी ४६ झालं तर फरक दीड मिमीच्या आत, वेल्ड भरून जातो, कोणाला कळत पण नाही. ७० च्या जागी ७१ झालं तर फरक सहा मिमीच्या वर जातो. तुमची बोटभर फट अशीच आलीय, सॉवरच्या स्केलचा किंवा मोबाइलमधल्या कोनमापकाचा एखाददुसरा अंश आणि त्यात सॉचं व्हील, म्हणजे कापणारी चकती, थोडं सरकलं की झालं. उलट ११० मिमी हे अंतर साध्या स्टीलच्या पट्टीने अर्ध्या मिमीपर्यंत कोणीही मोजू शकतं, आणि ११० मध्ये अर्धा मिमी चुकलं तर कोनात अंशाच्या दहाव्या हिश्श्याइतका पण फरक पडत नाही.

रेघ मारायची पद्धत. पाइप आधी पुसून घ्या, तेलकट असतो, त्यावर मार्कर टिकत नाही. जिथे टोक येणार तिथे गुण्या लावून चारही बाजूंना रेघ फिरवा, शेवटची रेघ पहिलीला बरोबर येऊन मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर गुण्या पाइपच्या कोपऱ्याच्या गोलाईवर टेकलाय किंवा पाइप पिळलेला आहे. मग तिथून ११० मिमी मागे दुसरी रेघ तशीच चारही बाजूंना फिरवा. आता समोरासमोरच्या दोन बगलांवर पहिल्या रेघेचा एक कोपरा आणि दुसऱ्या रेघेचा उलट कोपरा जोडून तिरपी रेघ मारा. दोन्ही बगलांवर तिरपी रेघ एकाच दिशेला झुकली पाहिजे, हे हसण्यासारखं वाटेल पण घाईत उलटी मारलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. टाकाऊ बाजूवर खडूने मोठी फुली मारा. रेघ मार्करने नको, मार्करची रेघ एक मिमी जाड असते, पांढरा रंग किंवा खडू फासून त्यावर स्क्राइबरने (टोकदार सुईसारखं हत्यार) ओरखडा काढा. ग्राइंडरने कापणार असाल तर रेघेला लागून मास्किंग टेपची कडा चिकटवा, ठिणग्यांत ओरखडा दिसत नाही पण टेपची कडा दिसते.

आता एक बारीक गोष्ट जी ४५ च्या कापात कधी जाणवत नाही आणि ७० ला सगळा जोड बिघडवते, ती म्हणजे पाइपची जाडी. आपण रेघ मारतो बाहेरच्या अंगावर. आखूड बाजूला बाहेरची कडा दुसऱ्या पाइपला टेकते, ते ठीक. पण लांब टोकाला उलटं होतं, तिथे आतली कडा पुढे येते. २ मिमी जाडीचा पाइप ७० ने कापला की त्या टोकाच्या पत्र्यात आतली कडा बाहेरच्यापेक्षा साडेपाच मिमी मागे असायला हवी, म्हणजे शेवटचे साडेपाच मिमी पत्रा सुरीच्या पात्यासारखा निमुळता होत गेला पाहिजे. तुम्ही ग्राइंडर त्या बाजूवर सरळ उभा धरून कापला असेल तर पत्रा काटकोनात कापला गेला, निमुळता झाला नाही आणि आतली कडा साडेपाच मिमी पुढे राहिली. जोडायला घेतलं की तीच कडा आधी टेकते आणि बाकीचा जोड उघडा राहतो. वर टेकतंय आणि खाली फट आहे असं तुम्ही लिहिलंय, माझ्या मते हे त्याचं दुसरं कारण आहे.

आणि इलाज एकदम सोपा आहे. ते निमुळतं टोक ठेवायचंच नाही. तसंही वेल्डिंगचा आर्क लागला की ते पातळ पातं वितळून गळून पडतं आणि तिथे भोक पडतं. कापून झाल्यावर लांब टोकाचा पत्रा सहा मिमी मागे सरळ काटकोनात कापून टाका. आतली कडा बरोबर पातळीत येते, पत्र्याला पूर्ण जाडी मिळते आणि बाहेरून आपोआप व्ही आकाराची खाच तयार होते ज्यात वेल्ड व्यवस्थित बसतो. फक्त पायाची लांबी मोजताना मूळ टोकापर्यंतच मोजा आणि सहा मिमी नंतर काढा, नाहीतर चारही पाय आखूड होतील. वर थोडी सपाट जागा उघडी राहते, तिथे छोटी पट्टी लावून बंद करा म्हणजे पाणी आत जाणार नाही.

आता कापायचं कशाने. तुमच्याकडे जे आहे त्यात माझी पहिली पसंती ग्राइंडरला, १ मिमी जाडीच्या डिस्कने. ५ इंची डिस्क वापरा, तिच्यावर १२२०० च्या आसपास कमाल आरपीएम लिहिलेला असतो, तुमच्या मशीनचा वेग त्याच्या आतच पाहिजे, आणि ४ इंची मशीनचं गार्ड काढून त्यावर ५ इंची डिस्क चढवायची नाही, कितीही घाई असली तरी. मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती बघा, जुनी किंवा दमट जागेत पडलेली डिस्क वापरू नका. पाइप व्हाइसमध्ये किंवा टेबलाला दोन क्लॅम्पनी पक्का करा, टाकाऊ भाग मोकळा लोंबला पाहिजे पण खालून हलका आधार हवा, नाहीतर शेवटी तो वाकतो आणि डिस्क चिमटीत सापडते, झटका बसतो तो तिथेच.

दोन्ही भिंती एकदम आरपार कापायच्या नाहीत. प्रत्येक बाजू बाहेरून वेगळी कापायची, डिस्क पत्र्यातून जेमतेम पार झाली की बास. आधी पूर्ण ११७ मिमीच्या तिरप्या रेघेवर नुसती अर्धा मिमी खोल खाच पाडून घ्या, टाकाऊ बाजूने, रेघ दिसत राहील अशी. मग त्याच खाचेतून दुसरा फेरा, तिसऱ्या फेऱ्यात आरपार. पहिल्याच फेऱ्यात खोल गेलात तर डिस्क खाचेत वळवता येत नाही, रेघ सुटली तर सुटलीच, आणि वळवायचा प्रयत्न केला की पातळ डिस्क फुटते. हात स्थिर नसेल तर रेघेला लागून एल आकाराच्या लोखंडी अँगलचा एक तुकडा क्लॅम्प करा आणि डिस्कची बाजू त्याला हलकी टेकवून चालवा, दाबायचं नाही, कापायची डिस्क बाजूच्या दाबासाठी बनवलेली नसते. म्हणून कापून झाल्यावर तिच्याच बाजूने घासायचं पण नाही, त्यासाठी फ्लॅप डिस्क लावा. क्रम असा ठेवा की आधी एक बगल, मग दुसरी बगल, मग आखूड बाजूची आडवी रेघ आणि लांब टोकाची सगळ्यात शेवटी, म्हणजे टाकाऊ तुकडा शेवटपर्यंत धरलेला राहतो.

उभं राहताना डिस्कच्या सरळ रेषेत तोंड ठेवू नका, एका बाजूला उभे रहा. चष्म्यावरून फेस शील्ड घ्या, नुसता चष्मा पुरत नाही. ठिणग्या कुठे जातायत ते आधी बघा, कापडाचा बोळा, थिनरचा डबा, बॅटरी, गाडीची काच, सगळं लांब. पाइपच्या दुसऱ्या तोंडातून पण ठिणग्या बाहेर पडतात, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तर जिथे वेल्ड करणार तिथलं जस्त आधी घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा, त्याच्या धुराने ताप भरतो.

एक मिमीभर सोडून कापलंत की उरलेलं कानशीने काढायचं, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे कारण इथेच जोड जमतो. १२ इंची सपाट कानस घ्या आणि ती आडवी धरून दोन्ही बगलांच्या कडांवर एकाच वेळी टेकवा, पुलासारखी. एकेक कड वेगळी घासली तर दोन्ही एका पातळीत कधीच येत नाहीत, पण कानस दोन्हीवर टेकलेली असली की उंच असलेली कडच आधी घासली जाते. मधेमधे काच किंवा जाड सपाट प्लेट घ्या, तिच्यावर मार्कर फासा, ओला असतानाच पाइपचं कापलेलं तोंड त्यावर हलकं सरकवा. जिथे शाई लागली ती उंच जागा, तिथे घासा, परत टेकवा. चारपाच वेळा केलं की पूर्ण चौकटीला शाई लागते. एका तोंडाला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात पण नंतर दोन पाय एकमेकांना लावून उजेडाकडे धरले की मधून उजेड दिसत नाही, आणि असा जोड २ मिमीच्या पाइपला भोक न पाडता वेल्ड होतो. आतली बर, म्हणजे कापाच्या कडेला राहिलेली खरखरीत किनार, गोल कानशीने काढायला विसरू नका, वेल्डच्या मुळाशी ती अडकते.

चॉप सॉवर करायचंच असेल, म्हणजे असे वीस तुकडे कापायचेत, तर जुगाड आहे आणि तो बरोबर केला तर भरवशाचा आहे. सॉच्या मागच्या टेकूला काटकोनात एक जाड अँगल बोल्टने पक्का करा, म्हणजे पाइप आता त्या नव्या टेकूला लागून बसेल. टेकू शून्यावर असताना हा नवा टेकू व्हीलला समांतर, म्हणजे ९० अंश झाला. टेकू २० ने फिरवला की पाइपला ७० मिळतो. पाइपचा लांब भाग सॉच्या मोटरकडे न जाता मोकळ्या बाजूला गेला पाहिजे, कोणत्या बाजूला फिरवायचं ते मशीन बंद ठेवून, व्हील हाताने खाली आणून आधी बघून घ्या. सॉचा स्वतःचा स्क्रू आता पाइप पकडत नाही, त्यामुळे दोन सी क्लॅम्प लागतातच, हाताने धरून हा काप मारायचा नाही. व्हीलला एका वेळी ११७ मिमी लांब पत्रा लागतो, ते घासत बसतं, तापतं, चकाकी येते आणि कापणं थांबतं, म्हणून दाबून न धरता थोडं टेकवा थोडं उचला असं करा. व्हील झिजून लहान झालं असेल तर दोन्ही टोकांना खालचे कोपरे कापायचे राहतात.

आणि हे व्हील ३ मिमी जाड असतं पण २० अंशाने जाताना पाइपच्या लांबीत ते जवळपास ९ मिमी खातं. रेघेच्या कुठल्या बाजूला व्हील उतरणार हे बघितलं नाही तर पाय ९ मिमी आखूड होतो. याची चांगली बाजू अशी की एका तिरप्या कापात दोन तोंडं तयार होतात, तेव्हा लांब पाइपमधून दोन पाय एकाआड एक उलटसुलट काढले तर वाया जातो तो एवढाच ९ मिमी, नाहीतर प्रत्येक पायामागे ११० मिमीचा त्रिकोण फेकून द्यावा लागतो. म्हणून तीव्र काप नेहमी लांब पाइपवर आधी मारावा, धरायला भरपूर असतं, आणि सोपा २० चा काप नंतर.

एक चूक मी केलेली सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी टेकू वगैरे काही न लावता पाइपचं एक टोक लाकडाच्या पाचरीवर उचलून व्हील वरून उतरवायचो, म्हणजे पाइप उभ्या दिशेत तिरपा. कागदावर कोन बरोबर येतो. पण व्हील सपाट बाजूवर न उतरता घसरणीसारख्या उतारावर उतरतं, टेकलं की उताराच्या दिशेने वाकतं आणि वाकलेलंच आत शिरतं. सहा पाय कापले, वरून रेघ अगदी बरोबर, उलटं करून बघितलं तर खालच्या बाजूला काप चार मिमी सरकलेला, सगळेच्या सगळे. आणि सहाव्याला व्हीलचा टवका उडाला, शील्ड होतं म्हणून गालावर बसला नाही. तेव्हापासून मी पाइप नेहमी आडवा, त्याची एक बाजू व्हीलसमोर सपाट पडेल असाच ठेवतो. हीच गोष्ट बँडसॉला पण लागू आहे, उतारावर सुरुवात केली की पातं घसरतंच, मग तिथे आधी कानशीने छोटी खाच करून द्यावी लागते.

लाकूड कापायच्या मायटर सॉवर लोखंड कापायचा विचार करू नका. काहीजण त्यावर कटिंग व्हील चढवतात. त्याचं गार्ड प्लास्टिकचं, भुशाची पिशवी कापडाची, आत भुसा साचलेला आणि ठिणग्या थेट तिथेच जातात, आग लागते. लोखंडासाठीचे दातेरी पात्याचे सॉ साधारण १३०० ते १५०० आरपीएमवर चालतात, लाकडाचा सॉ त्याच्या तिप्पट फिरतो, त्यावर लोखंडाचं दातेरी पातं लावलं तरी दात उडतात. ॲल्युमिनियमचा पाइप मात्र त्यावर कापता येतो, ॲल्युमिनियमसाठी असलेलं बारीक दातांचं कार्बाइड पातं लावून, थोडं मेण चोळून आणि क्लॅम्प करून. ग्राइंडरची साधी डिस्क ॲल्युमिनियमला लावू नका, ती भरून जाते. स्टेनलेसला वेगळी, लोखंडविरहित डिस्क ठेवा, साध्या लोखंडावर वापरलेली डिस्क किंवा कानस लावली तर नंतर त्या जागी गंज दिसतो.

वीज नसेल, शेजारी आवाजाची तक्रार करत असतील, किंवा दोनचारच तुकडे असतील तर हॅकसॉने हे काम उत्तम होतं, लोक उगाच त्याला कमी लेखतात. पाइप व्हाइसमध्ये असा तिरपा धरा की तुमची तिरपी रेघ जमिनीला बरोबर उभी येईल, ओळंब्यात. माणसाचा हात सरळ खाली कापायला सरावलेला असतो, तिरपी रेघ डोळ्याने पकडत कापणं अवघड. २ मिमी पत्र्याला इंचाला ३२ दातांचं पातं घ्या, २४ चं पण चालतं पण मग करवत आडवी ठेवू नका, कारण पत्रा दोन दातांच्या मधे अडकतो आणि दात तुटतात. करवत पुढे किंवा मागे झुकवून एका वेळी एकाच बगलेवर चालवा, म्हणजे पात्याचे जास्त दात पत्र्यावर राहतात. सुरुवातीला त्रिकोनी कानशीने खाच पाडा. काप ११७ मिमी लांब आहे आणि बहुतेक फ्रेमची खोली त्याहून कमी असते, अर्ध्यात फ्रेम पाइपवर आदळते, तेव्हा पातं काढून ९० अंशात वळवून लावा, जवळपास सगळ्या फ्रेमच्या खुंट्यांना तशी सोय असते. मग फ्रेम बाजूने जाते आणि काप कितीही लांब असू दे. पत्रा पातळ असेल आणि व्हाइसमध्ये चेपत असेल तर आत लाकडाचा ठोकळा घट्ट ठोका.

गोल पाइप असेल तर गुण्या चालत नाही, कागदाचा साचा लागतो. पाइपभोवती कागद गुंडाळून प्रत्यक्ष घेर मोजा, गुणाकार करून काढू नका, कागदाच्या जाडीने आणि रंगाने थोडा फरक पडतो. त्या लांबीचे १२ सारखे भाग करा आणि प्रत्येक भागावर उभी रेघ. आता पाइपची त्रिज्या गुणिले कोनाचा टॅन हा एक आकडा काढा. एक इंची म्हणजे २५.४ मिमी बाहेरच्या व्यासाला आणि ७० अंशांना तो ३४.९ येतो. पहिल्या रेघेवर उंची शून्य, मग या आकड्याच्या ०.१३४ पट, ०.५ पट, १ पट, १.५ पट, १.८६६ पट आणि सातव्या रेघेवर २ पट, तिथून परत त्याच क्रमाने उतरत शून्यापर्यंत. आपल्या उदाहरणात ते ०, ४.७, १७.४, ३४.९, ५२.३, ६५.१ आणि ६९.८ मिमी. बिंदू हाताने गुळगुळीत जोडा, लाटेसारखी रेघ येते, त्यावर कात्रीने कापून पाइपवर गुंडाळा आणि कडेने ओरखडा काढा. कॉम्प्युटरवरून साचा प्रिंट करत असाल तर प्रिंट झाल्यावर त्यावरचं एखादं माप पट्टीने तपासा, प्रिंटर बऱ्याचदा पानात बसवायला आकार कमी करतो. वर सांगितलेली जाडीची गोष्ट इथे पण तशीच लागू आहे, लांब टोकाला आतून घासावं लागतं.

तुमच्या फ्रेमकडे परत येतो. चारही पाय एकत्र क्लॅम्प करून लांबी एकदाच मोजा. पहिला पाय पूर्ण तयार करून जमिनीवर खडूने खऱ्या मापात फ्रेमचं चित्र काढा आणि त्यावर ठेवून बघा, मग बाकीचे तीन त्यावरून. जोडताना आधी चार कोपऱ्यांना टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा, खालचं अंतर परत मोजा, कारण वर १ मिमी ओढलं गेलं तर दोन मीटर खाली ते चांगलंच दिसतं, हलवायचं असेल तर टॅक असतानाच हलवा. वेल्ड बगलांवर आलटून पालटून थोडा थोडा घाला. आणि झोका आहे, माणसं बसणार आहेत, दर झोक्याला जोडावर उलटसुलट ताण येणार आहे, त्यामुळे नुसत्या मायटरच्या वेल्डवर सोडू नका. दोन्ही बगलांवर ५ किंवा ६ मिमी जाडीची त्रिकोनी प्लेट लावा आणि पायांच्या मधे, उंचीच्या साधारण मध्यावर, आडवा पाइप द्या. त्या आडव्या पाइपची दोन्ही टोकं २० च्या कापाची, ती तुमचा सॉ मारेल.

वाया गेलेले दोन तुकडे फेकू नका. दोन्हीच्या लांब टोकाचा पत्रा आधी सहा मिमी मागे कापून बघा आणि परत भिडवा. फट दोन तीन मिमीवर आली तर वर सांगितल्यासारखी कानस आडवी टेकवून ते पाय वाचतील.